मुखरूचा घास

आमच्याकडे कोणी हातातले काम मुद्दाम अडवून धरले की लोक म्हणतात, "मुखरूचा घास करू नोको." सिंदेवाहीच्या बाजारातही हे बोलणे पोचले आहे. ज्याच्या नावाने ते चालते तो मुखरू माझ्या घरापासून चार घरांवर राहत असे. त्याच्याबद्दल एक चांगले वाक्य लिहावे म्हणून मी बराच वेळ बसलो. सुचले नाही.

आमची जात तलावात मासोळ्या धरणारी. कोणाच्या हातून पाप घडले की त्याला जातीबाहेर काढत. परत यायचे तर त्याने साऱ्या जातीला जेवण द्यायचे, त्याला 'भात देणे' म्हणत. पण पानात वाढलेल्या भाताला कोणी बोट लावायचे नाही. आधी जातीच्या मुख्याने पहिला घास खायचा, म्हणजे पाप त्याने गिळले. मग बाकीच्यांनी जेवायचे. हा मान मुखरूला बापाकडून आयता मिळालेला. त्याला ना धड जाळे फेकता येई, ना फाटलेले विणता येई. खाणे मात्र उत्तम येई.

तो घास उचलून मिशीपर्यंत नेई आणि थांबे. "बकऱ्याचं मटन नाई दिसून राह्यलं?" यजमान मटणासाठी धावत सुटे. मटण आले की त्याला तूप आठवे, तूप आले की मोहाची दारू. आम्ही साठसत्तर माणसे निवत चाललेल्या भातापुढे बसून राहू. त्याची आणि आमची, दोघांचीही लाज वाटावी असे ते दृश्य असे.

सत्तावन्न साली गिरजाबाईवर पाळी आली. नवरा वारलेला, पदरी लग्नाची मुलगी सुकरी. अंगणात खांबांवर जाळे वाळत घातले होते. शेजाऱ्याचे वासरू त्यात मान अडकून मेले. गोहत्या झाली म्हणून बाई जातीबाहेर गेली. सुकरीचे चिमूरकडे लग्न ठरलेले. वराकडच्यांनी निरोप धाडला, भात होईल तरच वरात येईल.

गिरजाबाईने चिन्नोर तांदळाचा भात रांधला, मासोळीचा रस्सा केला, मटणही केले. मुखरूची सवय ठाऊक असल्याने तूप आणि दारू आधीच मांडून ठेवली. मागायला काही उरले नाही, तसा तो माणूस घास हातात धरून इकडेतिकडे पाहू लागला. शेवटी त्याची नजर खांबावर गेली.

"ते जाळं मले दे. पापाचं जाळं तुह्या घरी नोको."

ते जाळे तिच्या नवऱ्याने दोन पावसाळे बसून विणलेले होते. त्यावरच तिचे घर चाले.

"बाकी काईबी माग, मुखरूभाऊ. जाळं गेलं तं आमी दोघी काय खाऊ?"

"मंग भात होत नाई."

सुकरी दारात उभी होती. तिने पदर तोंडात कोंबला. आम्ही सगळे पुरुष आपापल्या पानाकडे पाहत बसलो. मीही. गिरजाबाई खांबाकडे गेली आणि जाळ्याची गाठ सोडू लागली.

तेवढ्यात चुलीजवळून म्हातारी चंदाबाई उठली. जातीतली सगळ्यांत वयस्क बाई ती. वाकून तिने मुखरूच्याच पत्रावळीतला भात मुठीने उचलला आणि तोंडात टाकला.

"गिरला म्या घास. लागलं पाप तं मले लागन. जेवा आता."

दुसरा घास मी घेतला. कोणी त्याला हिंमत म्हणू नये, मला भूक लागली होती. मग सगळी पंगत जेवू लागली. मुखरूच्या हातातला घास बोटांवर वाळला. आणि हा निर्लज्ज माणूस उठून गेला का? छे! सगळ्यांच्या मागून जेवला, रस्सा तीनदा मागून घेतला. तेव्हापासून ते बोलणे सुरू झाले. सुकरीचे लग्न झाले, जाळे खांबावरच राहिले.

दोन वर्षांनी मुखरू मेला. त्याच्या तेरवीला बायकोने, वच्छलाने, ऐपतीबाहेर जाऊन रांधले. आम्ही पानांवर बसलो. कोणीतरी घास मिशीपर्यंत नेला आणि थांबला. शेजारचा थांबला, मग सगळी ओळ. साठ हात वर, गालांत हसू दाबलेले. वच्छला भाताची टोपली घेऊन तशीच उभी राहिली.

वाढायला आलेली गिरजाबाई माझ्यासमोर थांबली. तिने माझ्या पानातला भात उचलून खाल्ला.

"तो एकटाच होता, केवळरामभाऊ," ती म्हणाली. "तुमी तं साठ जन आहा."

माझा हात अजून वरच होता.