कशावरून?

नेरच्या पुढे आतल्या एका गावात मी सातवीला मराठी शिकवते. आमची पोरं धडा घडाघडा वाचतात आणि मध्येच थांबवून विचारलं, काय वाचलंस बापा, तर छताकडे बघत बसतात. माझं डोकंच सटकतं. म्हणून मी एक पद्धत सुरू केली. लिहिणारा सगळं उघडपणे सांगत नाही, खुणा ठेवतो; त्या वेचायच्या आणि न सांगितलेलं ओळखायचं. दूध उतू गेलंय, दार सताड उघडं, चपला तिथंच पडल्यात. मग घरातली बाई गेली कशी? घाईत! "कशावरून?" एवढं मी विचारायची. ते सांगता आलं की उत्तर बरोबर.

यात एक बारकीशी, अबोल मुलगी सगळ्यांच्या पुढे होती. तिची आई कॅन्सरने नागपूरला दवाखान्यात होती. पावसाळा संपता संपता तिला घरी आणलं, आणि सून बरी झाली म्हणून आजीनं आळीत साखर वाटली. खरं काय ते मुलीच्या वडिलांनी मला बस स्टॉपवर सांगितलं होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते. "पोरीले सांगू नका, मॅडम," ते म्हणाले, आणि मी शब्द दिला.

एकदा मधल्या सुट्टीत ती टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, एक इचारू? धड्यातलं नाही."

"विचार की."

"माय बरी झाली म्हनतात. पन तिच्या साऱ्या गोळ्या बंद केल्या, नुसती दुखन्याची सुई देऊन राह्यले. दिवाळीले येनारा मामा आताच येऊन बसला. बाबानं मले रागावनंच सोडलं. अन् आजी माह्यासमोर हासते, न्हानीत जाऊन रडते." मग तिनं सरळ माझ्याकडे बघितलं. "माय जाऊन राह्यली ना?"

कशावरून, हे विचारायला तिनं जागाच ठेवली नव्हती. वर्गात कुणी असं उत्तर दिलं असतं तर मी टाळ्या वाजवायला लावल्या असत्या. अगं आई गं, हे ओळखायला शिकवलं होतं का मी तुला? खोटं बोलावंसं फार वाटलं. पण इतके दिवस जिच्या बरोबरला बरोबर म्हटलं, तिला आज चूक कोणत्या तोंडानं म्हणू? "हो बाई," मी म्हणाले, आणि तिच्याआधी मलाच रडू फुटलं.

ती रडली नाही. "मंग मले सुटी पाह्यजे," म्हणाली.

संध्याकाळी वडील भांडायला आले. शब्द मोडला म्हणून वाट्टेल ते बोलले. मी ऐकून घेतलं, दुसरं करणार काय!

आई गेल्यानंतर काही दिवसांनी ती शाळेत आली. तिच्याकडे बघायचं धाडस होईना. शेवटी विचारलंच, "माझ्यावर राग आहे का गं?"

"नाही मॅडम. मायलेबी कोनी खरं सांगतलं नव्हतं. तिलेबी सारे म्हनत, तू बरी होऊन राह्यली. मी इचारलं, माय, तुले समजलं का? तं म्हने, कवाचंच. पन बोलू कोनाशी?"

दप्तराचा पट्टा ओढत ती म्हणाली, "मंग आमी दोघी रोज बोलत होतो. कोनी आलं का चुप बसत होतो."