ठमाबाईंनी कॅलिफोर्निया नाकारलं

लोणी भापकरच्या ठमाबाई चिडल्या की आधी पदर खोचायच्या आणि मग बोलायच्या. पदर खोचेपर्यंत जो काय वेळ मिळे, तेवढ्यात शहाणी माणसं उठून गोठ्याकडे जात. छत्तीस सालच्या चैत्रात मात्र तो पदर दिवसचे दिवस खोचलेलाच राहिला, आणि त्याला कारण झाली अमेरिका.

गावातल्या कुठल्याही मुलीचं जमवायचं असो, स्थळ बघायला ठमाआत्या जाणार, हा लोणीचा कायदाच होता. स्थळ म्हणजे मुलगा नव्हे. तो पुरुषमंडळींनी बघावा. ठमाबाई पाणी बघत. तेही चैत्र-वैशाखात आणि न सांगता. "श्रावणात काय, माळरानबी नवरीवानी दिसतंय," असं त्यांचं म्हणणं. गेल्या गेल्या त्या घरच्या विहिरीचं पाणी मागायच्या, शेतातलं ढेकूळ बोटांत चुरडून बघायच्या, आणि शेवटी घरच्या थोरल्या सुनेला जवळ बसवून तिच्या डोक्यावरून हात फिरवायच्या. बघणाऱ्याला वाटे, काय माया! घागरी वाहून टाळूवरचे केस विरळ झालेत का, ते चाचपणं चालू असे. विरळ लागले की परत येऊन एकच वाक्य : "पाणी लांब हाय. पोरगी द्यायची न्हाय."

हे शिक्षण त्यांना स्वतःच्या टाळूनं दिलं होतं. वडिलांनी त्यांना ऐन श्रावणात, दारातल्या दुभत्या म्हशी बघून दिलं. चैत्र आल्यावर कळलं की त्या म्हशींचं पाणी नव्या सुनेनं पार ओढ्यापलीकडून आणायचं असतं. नवरा पटकीत गेला, तशा त्या माहेरी आल्या, आणि भावामागं त्याचा मुलगा झुंबर त्यांनीच वाढवला. आता त्याच झुंबरच्या मुलीला, सारजाला, स्थळ आलं होतं.

निमगाव केतकीच्या आबासाहेबांचा कुंडलिक. कालव्याचं पाणी, मोसंबीची बाग. ठमाबाईंनी बैलगाडी जुंपायला सांगितली, तेव्हा झुंबर मान खाजवत म्हणाला, "आत्ये, निमगाव बघून उपेग न्हाय. पोरगी तितं नांदायची न्हाय."

"मग कुठं?"

"पोरगा बागायतीचं शिकाय कॅलिफोर्नियाला हुता. लगीन करून परत तिकडंच जायाचं म्हनतोय. सारजाला मागनं न्हेणार."

"गाडीनं किती लांब?"

"आगबोटीनं, आत्ये. अमेरिका हाय ती."

पदर खोचला गेला.

"न बघता द्यायची? मग माझ्या बापात आन् माझ्यात फरक काय ऱ्हायला रं?"

"आबासाहेब पोराला घिऊन येणार हायतच. त्यालाच इचार की."

"इचारते. इचारल्याबिगर सोडते व्हय!"

आबासाहेब आले, फेटा सावरून घोंगडीवर बसले. कुंडलिक विजार घातलेला, पण मांडी घालायला विसरला नव्हता. चहा निवायच्या आत ठमाबाईंनी त्याला अंगणात नेला आणि हातात कडब्याचं एक धाट दिलं.

"काढ. पाणी कुठनं येतं ते पयलं काढ."

कुंडलिकनं मातीत लांब रेघ ओढली. "हा उगवतीचा डोंगर. सिएरा नेवाडा. याच्यावर थंडीभर बर्फ पडतं. उन्हं तापली की ते वितळतं आन् ऐन चैत्रात नद्यांना पाणी येतं."

"चैत्रात?" ठमाबाई खाली बसल्या. असला डोंगर आपल्याकडे का नाही, याचाच त्यांना आधी राग आला.

"हा मावळतीचा बुटका डोंगर. पलीकडं समुद्र. मधी ही दरी, काठवटीसारखी सपाट. वरनं सॅक्रामेंटो नदी येते, खालनं सॅन वाकीन. दोघी मधी भेटतात आन् एकाच खिंडीतनं समुद्राला जातात."

"नरसिंगपुराला नीरा-भीमा भेटत्यात तशा?"

"तशाच. त्या तोंडाशी सॅन फ्रान्सिस्को. थोर बंदर हाय. एकदा धरणीकंपात पडलं, आगीत जळलं, पुन्ना बांधलं."

"पुन्ना तितंच?"

"तितंच."

"अक्कल!"

आबासाहेब ओट्यावरून खोकले. कुंडलिकनं धाट पुढं सरकवलं. "सरकार बसतं ते मात्र सॅक्रामेंटोला, नदीकाठी. आन् आमी ऱ्हाणार हितं, फ्रेझ्नोला. दरीच्या मधोमध. कालव्याचं पाणी. द्राक्षं, अंजिरं. मनुके तर वाळवणावानी शेतातच पसरत्यात."

"आन् ह्यो खालचा ठिपका?"

"लॉस एंजेलिस. सगळ्यात मोठं शहर. संत्री, सिनेमे. तितं पाणी पुरंना, म्हणून डोंगरामागच्या ओवेन्स दरीतनं शंभर कोसांवरनं आणलंय."

"आन् त्या दरीतल्यांनी काय प्यायचं?"

कुंडलिक घुटमळला. "त्यांचं तळं आटलं, आत्या. बागा वाळल्या."

"म्हंजे तितंबी एक लोणी हायच की!" कालव्याचं पाणी आपला माळ सोडून खालच्या खाली जातं, हे लोणीचं जुनं दुखणं. ठमाबाईंनी पायानं लॉस एंजेलिस पुसून टाकलं. उभ्या कॅलिफोर्नियातलं सगळ्यात मोठं शहर, एका फराट्यात गेलं. "आता शेवटचं सांग. जमीन कुणाच्या नावावर?"

हा प्रश्न त्या नेहमी शेवटी विचारत. धाट थांबलं.

"नावावर होत न्हाय. कायदाच हाय तसा. आशियातल्या माणसानं तितं जमीन घ्यायची न्हाय. एका गोऱ्या वकिलाच्या नावावर घ्यायची, आन् आमी कसायची."

खोचलेला पदर ठमाबाईंनी सोडला आणि नव्यानं खोचला.

"एवढा डोंगर, एवढं बर्फ, दोन दोन नद्या! आन् ह्या पोराच्या नावाला बांधाएवढी जागा न्हाय? ढेकूळ इचारतंय व्हय, हात कुठल्या रंगाचा म्हणून? आन् आबासाहेब, तुमी! तुमच्या रानात वाटेकरी राबत्यात, आन् पोराला वाटेकरी व्हायला आगबोटीत बसवता?"

"तसं न्हाय बाई, तितली मजुरी..."

"मजुरीचं कुणी इचारलं? स्थळ नाकारलं!"

कुंडलिक उठला.

"तू बस खाली. तुला कुणी नाकारलं? खोटं बोलला असतास तर मला कुठनं कळणार हुतं? खरं सांगितलंस, म्हंजे गुणाचा हायस. मी कॅलिफोर्निया नाकारलं."

कुंडलिक मातीतल्या रेघांकडे बघत राहिला. "पयल्या वर्षी मलाबी असाच राग यायचा, आत्या. मग सवय झाली."

"तीच मोडाय पायजे."

झुंबर डोळ्यांनीच आत्याला गप्प बसवू पाहत होता. तेवढ्यात दाराआडून सारजाचा आवाज आला, "आत्ये, निमगाव तरी बघून या की. चैत सराय आलाय."

कुंडलिकनं वर पाहिलं. मग बापाकडे न बघताच म्हणाला, "या, आत्या. बाग माझ्या नावावर हाय."

ठमाबाई गेल्या, अर्थातच न सांगता. निमगावचं पाणी थोडं मचूळ निघालं, त्याबद्दल त्यांनी आबासाहेबांना विहिरीवरच फैलावर घेतलं. पण थोरल्या सुनेच्या डोक्यावर केस दाट लागले. सारजा निमगावात नांदली. कुंडलिकनं मोसंबीशेजारी फ्रेझ्नोच्या रीतीनं अंजिरं लावली.

पुढे लोणीत कुणी अमेरिकेची तारीफ केली की ठमाबाई ऐकून घेत. "पाणी चांगलं हाय तितलं," असं कबूलही करत, आणि तोवर हात पदराकडे गेलेला असे.