परवानगीनं येणारं पाणी

हरणाबाईच्या गावात नळाला पाणी कधी येईल हे कुणालाच सांगता येत नाही. पाणी सोडणाऱ्या शिपायाला विचारलं तर तो आभाळाकडं बोट दाखवतो. कधी तीन दिवसांनी येतं, कधी आठवडा खातं. पहाटे येतं, भर उन्हात येतं, घरात पाहुणा पाटावर बसलेला असताना येतं. आणि आलं की घटकाभर टिकतं, तेवढ्यात ज्यानं भरलं त्याचं. औंध मागं टाकून पूर्वेच्या माळाला लागलं की सगळ्याच गावांची ही रड आहे. त्यात नवल वाटणारा माणूस बाहेरगावचाच असतो.

या नळानं हरणाबाईला आयुष्यभर दावणीला बांधून ठेवलं. तिचा नवरा आप्पासो दिवाळी झाली की मेंढरं घेऊन खाली उसाच्या मुलखात उतरतो आणि पावसाच्या तोंडाला परत येतो. लग्नानंतरची पहिली वर्षं तीही त्याच्याबरोबर चालली. थोरला धनाजी तसाच वाटेत, कुणाच्या तरी तोडलेल्या उसाच्या फडात झाला. तिसऱ्या दिवशी तिला घोड्यावर बसवून मेंढरांचा वाडा पुढं हलला. बाळंतिणीची आंघोळ, शेक, धुरी, डिंकाचा लाडू हे सगळं तिनं दुसऱ्या बायकांच्या तोंडून ऐकलं. पुढं पोरांच्या शाळेसाठी ती गावात राहिली, तर इथं नळ होता. भावाच्या हळदीला ती गेली नाही, कारण पाणी यायचं होतं. यमाईच्या यात्रेला सगळी आळी गेली तेव्हा ही दारात बसून होती, कारण त्या दिवशी पाणी राखायची तिची पाळी होती.

ही पाळी आळीतल्या बायकांनीच बसवलेली. रोज एकीनं घरी थांबायचं. नळानं सूं केलं की तिनं हाळी द्यायची, आणि जी घरी नसेल तिच्या पिंपातही तिनंच पाईप सोडायचा. समोरची रशीदा आणि हरणाबाई, या दोघींच्या जिवावर ही पाळी चालायची. रशीदाचा नवरा वजीर बाजार फिरून बांगड्या विकायचा, त्यामुळं तीही पोरं सांभाळत घरात एकटीच असायची. दोघींनी एकमेकींची पिंपं इतकी भरली होती की कुणाचं पिंप कुठं गळतं हेही दोघींना पाठ होतं.

मग धनाजी सुट्टीवर आला. तो फौजेत आहे. आईचे हाल त्याला बघवत नव्हते आणि हातात मोबाईल होता, म्हणून त्यानं एक मशीन मागवलं. पांढरी डबी, तिच्यावर निळा दिवा. नळाच्या लाईनीत एक विजेवर उघडझाप करणारा कॉक, मोटरीला एक जोड, स्लॅबवरच्या टाकीत एक तार. नळाला पाणी आलं की कॉक आपोआप उघडणार, मोटर आपोआप चालू होणार, टाकी भरली की आपोआप बंद. टाकी किती भरली तेसुद्धा धनाजीला तिकडं आसामात मोबाईलवर दिसणार. रशीदाच्या पोरानं, मुजीबनं, तो वायरिंगची कामं करतो, ते बसवून दिलं आणि फोटो काढून चार दिवस स्टेटसला ठेवला. गावात असलं पहिलंच म्हणून.

आता ते चालायचं कसं, हे त्या वेळी कुणी विचारलं नाही. हरणाबाईच्या नळाला पाणी आलं की ती बातमी आधी साता समुद्रापलीकडं कंपनीच्या कुठल्याशा यंत्राला जायची. ते यंत्र हुकूम द्यायचं, मग इथला कॉक उघडायचा. नळापासून मोटर हातभर लांब, पण त्या हातभर अंतरासाठी परदेशातून परवानगी. चालत होतं तोवर यातलं काहीच कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि चालत होतं झकास, हे मान्य करायलाच हवं. हरणाबाई प्रथमच पाणी सोडून बाहेर पडली. माहेरी चार दिवस राहून आली. कुंडलला लेकीच्या घरी जाऊन आली. पाळीतून तिनं आपलं नाव काढून घेतलं. रशीदाला म्हणाली, "मला आता कशाला पाळी? आमचं आपसूक भरतंय." रशीदा बरं म्हणाली आणि आत गेली. त्यानंतर दोघींचं बोलणं होतं, पण दारातल्या दारात.

तेवढ्यात लेकीला, उत्कर्षाला, दिवस गेले. पहिलं बाळंतपण, रीतीप्रमाणं ते माहेरीच व्हायचं. पण कुंडलच्या विहीणबाईंनी आडवळणानं विचारलं की तुमच्याकडं पाण्याचं कसं? कुंडलला काय, कॅनॉलचं पाणी, दारात ऊस. हरणाबाईनं मान ताठ करून सांगितलं की आता आमच्याकडं मशीन हाय, पाण्याची चिंता न्हाई. लेकीचा सवा महिना ती कुणाला देणार नव्हती. स्वतःला जे मिळालं नाही ते सगळं तिला एकदा, आपल्या हातानं, आपल्या घरात करायचं होतं. त्यासाठी तिनं अंगणातला जुना सिमेंटचा हौद पाडला आणि त्या जागी बाळंतिणीसाठी न्हाणीघर बांधलं. आत मोठा दगड, बाहेर चूल, वारा लागू नये म्हणून चारी बाजूंनी भिंत. रिकामी झालेली पिंपं तिनं आप्पासोकडं मेंढरांना पाणी ठेवायला पाठवून दिली. टाकी भरलेली असताना हौद आणि पिंपं हवीत कशाला?

मुलगी झाली. दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी घरी आणली आणि हरणाबाईच्या अंगात दहा बायकांचं बळ आलं. सकाळी तेल लावून रगडायचं, मग कढत पाण्याचे तांबे पाठीवर, मग शेक, मग धुरी. संध्याकाळी पुन्हा बाळाचं. वर दुपट्यांचा ढीग. ती पाणी वापरत होती, आणि वापरताना तिला एक वेगळंच सुख होत होतं. आयुष्यभर जिनं तांब्या तांब्या मोजला, ती आता लेकीच्या पाठीवर हात आखडता न घेता ओतत होती. मध्ये एकदा आळीत हाळी उठली, बायका धावल्या, पाईप ओढले गेले. हरणाबाई नातीला मांडीवर घेऊन दारात बसून ते बघत राहिली. डबीवरचा निळा दिवा लागलेला होता. तिनं उठून बघायचं काही कारण नव्हतं.

पाचवीच्या सकाळी न्हाणीघरातल्या नळानं दोनदा खाकरून हवा सोडली.

तिनं धनाजीला फोन लावला. त्यानं मोबाईलवर बघून सांगितलं की टाकी नव्वद टक्के भरलेली हाय, पाईपमध्येच काहीतरी अडकलं असंल. तिला ते खरं वाटलं. पोरगं बघून सांगत होतं ना! तिनं मुजीबला बोलावून पाईप ठोकून घेतला, नळ उलटा करून झटकला. शेवटी आपणच पदर खोचून शिडीनं वर गेली आणि टाकीचं झाकण उघडलं. तळाला गाळ होता. हात घातला तर बोटंसुद्धा नीट भिजली नाहीत.

मग कुठं धनाजीनं जुने मेसेज चाळले आणि त्यात कंपनीचा निरोप सापडला. कंपनी ही सेवा बंद करत आहे, आजवर दिलेल्या प्रेमाबद्दल आभार, असं इंग्रजीत, खाली लाल बदाम. येऊन कितीतरी दिवस झाले होते. धनाजी म्हणाला, जाहिरात असेल म्हणून मी न वाचताच पुढं गेलो. तिकडचं यंत्र बंद झालं होतं. इकडचा कॉक हुकमाची वाट बघत मिटून बसला होता आणि मोबाईल मात्र शेवटचा आकडा धरून तोच तो दाखवत होता. म्हणजे आळीनं पाणी भरलं त्या दिवशी हरणाबाईच्या दारातही पाणी आलं होतं. कॉकपाशी थांबलं होतं, आणि कुणी दार उघडत नाही म्हणून परत गेलं होतं.

हे ऐकून हरणाबाईचं डोकं फिरलं. काय बिघडलं म्हणावं तर काहीच बिघडलं नव्हतं. मोटर चांगली, कॉक चांगला, तार चांगली, दिवासुद्धा तसाच निळा. आपण विकत घेतलेली, आपल्या भिंतीला ठोकलेली वस्तू, आणि तिला बंद करणारा कुठं बसतो हेही आपल्याला माहीत नाही. डबीवर छापलेल्या नंबरावर मुजीबनं फोन लावून दिला. तिकडून बाई गोड आवाजात हिंदीत एक दाबा, दोन दाबा म्हणाली, मग गाणं लागलं, मग फोन तुटला. पुन्हा लावला, पुन्हा गाणं. "त्या बाईला सांग, माझी लेक बाळंतीण हाय," हरणाबाई म्हणाली. मुजीब म्हणाला, "काकी, ती बाई न्हाई, ते रेकॉर्डिंग हाय."

त्यानं करवतीनं पाईप कापला, तो कॉक काढून फेकला आणि साधी पितळी तोटी बसवली. घटकाभराचं काम. पण तोटीतून यायला पाणी तर पाहिजे? पाणी नुकतंच येऊन गेलेलं. टँकरवाला नानासो म्हणाला, लग्नसराई हाय, परवापर्यंत एकबी खेप रिकामी न्हाई. पिंपं मेंढरांकडं गेलेली, हौदाचं न्हाणीघर झालेलं. रशीदा कुणी न सांगता दोन कळशा घेऊन आली, चुलीपाशी ठेवल्या आणि म्हणाली, "माझ्याकडं तरी कुठं जास्त हाय, आक्का." हरणाबाईला तिच्याकडं वर बघायला झालं नाही.

दुपारी कुंडलची माणसं आली. पाचवीचं साहित्य, बाळाला अंगडं-टोपडं, लाडवांचा डबा. दारात आलेल्या पाहुण्याला पाय धुवायला पाणी द्यायचं, ही एवढी साधी रीत. हरणाबाईनं विहीणबाईंच्या पुढं अर्धा तांब्या ठेवला. विहीणबाईंनी तांब्यात डोकावून बघितलं, मग न्हाणीघराबाहेरच्या कोरड्या तोटीकडं आणि भिजत न घातलेल्या दुपट्यांच्या ढिगाकडं. पाय न धुताच त्या आत आल्या. एका शब्दानंही टोचून बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर हरणाबाईला भांडता तरी आलं असतं.

सटवाईची पूजा झाली, जेवणं झाली. पत्रावळ्या आणल्या होत्या म्हणून भांड्यांचं तरी निभावलं. मग विहीणबाई हरणाबाईच्या जवळ सरकून बसल्या.

"इहीणबाई, तुमचं काय चुकलं असं मी म्हणत न्हाई. पर पाण्याबिगर बाळंतीण कशी ठेवायची? आमी उत्कर्षाला घेऊन जातो."

बाराव्याच्या आत बाळंतीण हलवत नाहीत, हे दोघींनाही माहीत होतं. हरणाबाईनं ते बोलूनही दाखवलं. विहीणबाई म्हणाल्या की गाडी हाय, वारा लागू देत न्हाई.

"दोन दिस थांबा," हरणाबाई म्हणाली. "पाणी येतंय."

"कवा येतंय?"

याचं उत्तर हरणाबाईकडं नव्हतं. आयुष्यात कधीच नव्हतं. मधले काही महिने ते मशीनकडं आहे असं तिला वाटलं होतं, एवढंच. तिनं उत्कर्षाकडं बघितलं. उत्कर्षा बाळाला पाजत होती. तिचे केस तेलानं चिकटलेले, कपाळावर घाम, सकाळची आंघोळ झालेली नाही. "आये, मी ऱ्हाते की," ती म्हणाली, पण म्हणताना तिनं पदरानं मान पुसली. ते बघून हरणाबाईच उठली आणि लेकीच्या पिशव्या भरायला लागली. ओवा, बाळंतशोपा, धुरीच्या शेण्या, डिंकाचे लाडू, सगळं तिनं भरून दिलं. शेक कसा द्यायचा, कमरेला कुठं दाबायचं, हे विहीणबाईंना दोनदोनदा सांगितलं. त्याही निमूटपणे ऐकत होत्या. गाडी गेली तेव्हा हरणाबाई रस्त्यापर्यंत चालत गेली आणि धुरळा खाली बसेपर्यंत उभी राहिली.

संध्याकाळी धनाजीचा फोन आला. त्याला लय वाईट वाटत होतं. म्हणाला, दुसऱ्या कंपनीचं मागवतो, ती मोठी कंपनी हाय, ती बंद पडायची न्हाई. पोराला तरी काय बोलायचं? त्यानं तिच्या सुखासाठीच केलं होतं. तिचा राग ज्याच्यावर होता त्याला तोंड नव्हतं, गाव नव्हतं, आणि त्याच्या फोनवर गाणं वाजत होतं.

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरायच्या वेळी पाणी आलं. आळीत हाळी उठली, पाईप सुटले, बायकांची पळापळ झाली. हरणाबाईची नवी तोटी उघडीच होती. तिच्यातून धार पडायला लागली, जाड आणि स्वच्छ, आणि अंगणातून वाहत न्हाणीघराच्या पायरीकडं निघाली. रशीदानं आपल्या दारातून दोनदा हाक मारली. उत्तर आलं नाही तशी पाईप टाकून ती पळत आली. हरणाबाई न्हाणीघरातल्या दगडावर बसली होती.

"हरणाआक्का, आवं पाणी वाया चाललंय. उठा, भरून घ्या."

हरणाबाई जागची हलली नाही.

"कुणाच्या आंघुळीला भरू गं?" ती म्हणाली.