चहासोबतची गोळी

रुख्माबाईचा राग नाकावर असतो, हे कटंगीच्या आसपासच्या चार गावांना माहीत आहे. धानाच्या रोवणीत तिच्या हाताखाली अठरा बायका असतात. कोणी पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, वाकडी खोचली तर रुख्माबाईला पाठमोरी असली तरी कळतं, आणि मग त्या बाईच्या माहेरापर्यंत सगळ्यांचा उद्धार होतो. तरी दर आषाढात याच बायका तिच्या दारात येऊन उभ्या राहतात. कारण रुख्माबाईच्या टोळीला कोणी पाटील अंधार पडेपर्यंत राबवून घेत नाही, आणि धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभं राहून कोणी वाकडं बोलला तर त्याची धडगत नसते. घरात तिला सगळे महेंद्रची माय म्हणतात. रुख्माबाई हे नाव तिला टोळीनेच दिलं, आणि ते तिने चोवीस वर्षं जपलं.

यंदा रोवणीला आठ दिवस उरले होते आणि तिच्या पोटात आग पडली होती. बेंबीच्या वर जळजळ, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. गावातल्या डॉक्टरने दोनदा सुई टोचली, एक पांढरं औषध दिलं आणि गॅस आहे म्हणून सांगितलं. बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, चिखलात दिवसभर वाकून उलटं चालायचं असतं. तिथे अंधारी आली तर बाई तोंडावर पडते. आणि एकदा पडली की टोळी दुसरीच्या हाती जाते. रुख्माबाईला हे कोणी सांगायला नको होतं. आधी टोळी चालवणारी टिकारामची माय अशीच चिखलात पडली होती, तेव्हाच तर टोळी रुख्माबाईकडे आली.

सून आम्रपाली म्हणाली, बालाघाटला एक आयुर्वेदाच्या डॉक्टरीण आहेत, नूतन मॅडम म्हणतात त्यांना, माझ्या मावशीला गुण आला. रुख्माबाईला ते पटलं. जडीबुटीची पुडी आणायची, आठ दिवस खायची आणि बांधीत उतरायचं, असा तिचा हिशेब.

आता आपल्याकडे दवाखान्यात जायचं म्हणजे लग्नाला निघाल्यासारखी तयारी असते. डॉक्टरसमोर आजारी माणसाने आजारी दिसू नये, अशी काय ही खोड आहे कोण जाणे. रुख्माबाईने आदल्या दिवशी नखं मेंदीने लाल केली. सकाळी डोक्यावरून आंघोळ केली, गुडाखूने दात घासघासून घासले. गुडाखू म्हणजे तंबाखूची काळी लगदी. इकडच्या बायकांची सकाळ तिच्याशिवाय उजाडत नाही. दोन्ही हातांत कोपरापर्यंत नव्या हिरव्या बांगड्या चढवल्या. बसचे दचके कमरेला सोसायचे नाहीत म्हणून रोजच्यासारखी चहासोबत गोळी घेतली, आणि नवरा पुनाराम याच्या मागोमाग बालाघाटच्या बसमध्ये चढली.

डॉक्टर नूतन तिशीपस्तिशीची बाई होती. आधी हिंदीत बोलली. मग खुर्चीवर कोणी बसायचं यावरून या दोघांची चाललेली कुरबुर ऐकली आणि मराठीवर आली. रुख्माबाईला वाटलं होतं, नाडी पाहील, पुडी बांधील, झालं. पण ही वही उघडून बसली. उठता किती वाजता? भूक कशी लागते? तहान? झोप? घाम? स्वप्नं पडतात का? अंगाला थंडी जास्त लागते की गरमी? पाळी कधी गेली? पहिल्या दिवशी सगळं विचारावं लागतं, ती म्हणाली, माणूस कळल्याशिवाय दुखणं कळत नाही. रुख्माबाईला वाटलं, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. जळतंय पोट आणि ही स्वप्नं विचारते.

त्यात प्रत्येक प्रश्नाला उत्तर पुनाराम देत होता. उचलली जीभ, लावली टाळ्याला. झोप? मस्त लागते. तहान? बराबर. जेवण? पोटभर जेवते, मॅडम.

पोटभर. तेहतीस वर्षांत या माणसाने तिला जेवताना पाहिलं नव्हतं. त्याचं ताट उचललं, तो पाराकडे गेला, महेंद्रचं झालं, सुनेला वाढलं, मग भाताच्या गंजात जे चिकटलेलं असेल ते. रोवणीच्या दिवसांत तेही नाही. पहाटे निघायचं आणि डबा दुपारी दोनला उघडायचा. रुख्माबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण परक्या बाईसमोर नवऱ्याचा पाणउतारा नको म्हणून तिने दात आवळले.

“राग येतो का?” डॉक्टरने विचारलं.

पुनाराम हसला. त्या दिवसातलं हे त्याचं एकच खरं उत्तर असणार होतं. पण डॉक्टरने त्याला हाताने थांबवलं आणि रुख्माबाईकडे पाहिलं. “कशाचा येतो?”

हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. लोक विचारत, एवढा राग काहून करतेस? कशाचा, हे नाही. सगळ्याचाच, रुख्माबाई पुटपुटली. डॉक्टरने तेही लिहून घेतलं आणि पुढे गेली. शौचाला साफ होते का?

“एकदम साफ,” पुनाराम म्हणाला.

“तुमी येता का मांगं पाहाले?” रुख्माबाई म्हणाली. मग डॉक्टरकडे वळली. “काई साफ नाई होत, बाई. काळी होते. डांबरावानी. महिना होऊन राह्यला.”

डॉक्टरचं पेन थांबलं. तिने पुनारामला बाहेर बाकावर बसायला सांगितलं. तो उठेना, तेव्हा आवाज चढवून सांगितलं. रुख्माबाईला ती बाई तेव्हा पहिल्यांदा आवडली.

मग नाडी. बांगड्या कोपरापर्यंत सारल्या तेव्हा कुठे मनगटावर तीन बोटं टेकली. जीभ पाहिली तर गुडाखूने काळीमिट्ट. नखं पाहिली तर मेंदीने लाल. डॉक्टर वैतागली. माय, जीभ आणि नखं बघायलाच तर बोलावतो आम्ही, ती म्हणाली, तुम्ही सगळं झाकून आलात. रुख्माबाईही वैतागली. नंबर लावताना फोनवर सांगायला काय झालं होतं? बाईमाणूस काय घाण तोंडाने बालाघाटला येईल? डॉक्टरने वाद घातला नाही. तिने डोळ्याची खालची पापणी ओढली. तिथे मेंदी लावता येत नाही. आतला भाग पांढराफटक होता.

कोणती औषधं चालू आहेत, तिने विचारलं. एकही नाही, गावातल्या डॉक्टरचं पांढरं औषध कधीच संपलं, रुख्माबाई म्हणाली, आणि ती खोटं बोलत नव्हती. तेव्हा डॉक्टरने प्रश्न फिरवला. आज सकाळपासून तोंडात काय काय गेलं, एकेक सांगा. रुख्माबाईने सांगितलं. गुडाखू, पाणी, चहा, गोळी.

“कोणती गोळी?”

“चहासंगची. ते का औषध आहे?”

बालाघाटच्या डॉक्टरला काय माहीत! रोवणीत सकाळी दहाला धुऱ्यावर चहा येतो, आणि किटलीच्या झाकणावर दुखण्याच्या गोळ्यांची पट्टी. चारला पुन्हा तसंच. प्रत्येकीला एक चहा, एक गोळी. किराणा दुकानात साबण आणि गुडाखूच्या शेजारी ती पट्टी मिळते, म्हणून रोवणी नसली तरी घरी रोज चालते. तिला औषध कोण म्हणेल? आणि ही सोय कोणी मेहरबानीने दिलेली नव्हती. बारा वर्षांपूर्वी रुख्माबाईने मोतीलाल पटेलाच्या धुऱ्यावर टोळी बसवली होती. आमची कंबर मोडते, चहासंग गोळी नाही तर रोवणी नाही, असं ठणकावलं होतं. मोतीलालने दिली, मग सगळ्या गावाला द्यावी लागली. हे सांगताना रुख्माबाईचा ऊर भरून आला.

“म्याच चालू केली,” ती म्हणाली.

डॉक्टरने वही मिटली. उपाशी पोटी या गोळ्या खाऊन आतड्याला जखम होते, ती म्हणाली, बहुतेक तीच वाहतेय, म्हणून काळी होते. माझ्याकडची पुडी आज देणार नाही. आत्ताच्या आत्ता जिल्हा दवाखान्यात जा, रक्त तपासा, मी चिठ्ठी देते. पुढे दुर्बिणीने पोट पाहावं लागेल. गोळी आजपासून बंद.

रुख्माबाई उसळली. गोळी बंद म्हणजे रोवणी बंद. “मंग दोन घंटे कायले पुसत बसल्या?”

“विचारलं नसतं तर सांगितलं असतं का?” डॉक्टरही रागावली होती. “महिनाभर रक्त जातंय, माय. कोणालाच सांगितलं नाहीत.”

कोणाला सांगायचं? पाराकडे निघालेल्या पुनारामला? रुख्माबाई चिठ्ठी घेऊन उठली.

रक्त सहावर आलं होतं. दोन बाटल्या चढवल्या. गोंदियाला दुर्बीण घातली. जखमच निघाली, दुसरं काही नाही. औषधं लिहून दिली, गोळी वर्ज्य सांगितली आणि दोन महिने वाकायचं नाही म्हणून बजावलं. पुनाराम तिच्या उशाशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिला की वेळेवर आणलं म्हणून वाचली. तिच्या अंगात ताकद असती तर तिने त्याला तिथेच उत्तर दिलं असतं.

रोवणी सुरू झाली आणि टोळी आम्रपालीने नेली. टोळी घराबाहेर गेली नाही, आता तरी शांत राहा, असं सगळे रुख्माबाईला समजावत होते. ती खाटेवर पडून वाशांकडे पाहत होती आणि दहा वाजले, की आता किटली आली असेल, हे तिला घड्याळाशिवाय कळत होतं. बारा वर्षं तिने पट्टी फोडून एकेकीच्या ओल्या हातावर गोळी ठेवली होती. कोणी नको म्हटलं तर दरडावलं होतं. घे, नखरे करू नको, मागं पडशील. पोटातली आग औषधाने उतरत होती, ही उतरेना.

नवव्या दिवशी ती काठी घेऊन मोतीलाल पटेलाच्या धुऱ्यावर जाऊन उभी राहिली. बायका वाकलेल्या होत्या. मोतीलालची बायको गोदाबाई किटली घेऊन आली, झाकणावर पट्टी. गोदाबाईच्या मनात पाप नव्हतं. जय भीम रुख्माबाई, तब्येत कशी आहे, तिने मायेने विचारलं. रुख्माबाईने झाकणावरची पट्टी उचलली आणि कमरेला खोचली.

आजपासून गोळी नाही, ती म्हणाली. दहाला चहाच्या आधी भात पाहिजे, पोटाला आधार होईल असा. आणि चार वाजता चहा झाला की बायका घरी जातील. मोतीलाल पलीकडून तरातरा आला. आधी गोळी नाही म्हणून बसली होतीस, आता गोळी आहे म्हणून बसतेस, तो म्हणाला. गोष्ट खरी होती, आणि ऐकताना तिला काठी त्याच्याऐवजी स्वतःच्या डोक्यात घालावीशी वाटली.

“हौ, म्याच मांगली होती,” रुख्माबाई म्हणाली. “आता म्याच बंद करून राह्यली. भात नाई तं बाया वर येतात.”

मग तिने बायकांना उभं राहायला सांगितलं. आणि दवाखान्यात तिला विचारलं होतं तसं, भर बांधीत, मोतीलाल पटेलाच्या देखत विचारलं, की कोणाकोणाला काळी होते? बायका पदर तोंडाला लावून हसल्या. रुख्माबाई हसली नाही. मोतीलाल पाठ फिरवून बैलांकडे पाहू लागला. हळूहळू हसू बंद झालं. पुढच्या ओळीतल्या रीनाने हात वर केला. मग तिच्या शेजारच्या दोघींनी. मग मागच्या ओळीतून आणखी एक.

आम्रपालीने हात वर केला नाही. हातातली पऱ्ह्याची जुडी तिने पोटाशी धरली होती आणि ती खाली चिखलात पाहत होती. लग्न होऊन आली त्या पहिल्याच रोवणीत तिने गोळी नको म्हटलं होतं, चार बायकांच्या देखत रुख्माबाईने ती तिच्या तोंडात कोंबली होती. कशाचा राग येतो, असं डॉक्टरने विचारलं होतं ना? आज विचारलं असतं तर रुख्माबाईने नीट सांगितलं असतं.

“हात वर कर, पोरी,” ती म्हणाली. “म्याच देल्ली होती तुले.”

आम्रपालीने हात वर केला.