रकाना सात: निरंक

अर्जदार: स्त्री. वय: बासष्ट पूर्ण. ओळखचिन्ह: उजव्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग. व्यवसाय: मोड आलेल्या धान्यापासून, अन्यत्र वर्गीकरण न झालेले आंबवलेले पेय तयार करणे. स्वभाव: रकाना उपलब्ध नाही.

एवढं सरकारदरबारी नोंदलेलं आहे. नोंदलेलं नाही ते असं, की सगळी गल्ली तिला कडूआत्या म्हणते आणि तिची बिअर मात्र कडू नाही. घरात जेवढा कडवटपणा होता तेवढा ताईच्या जिभेवरच खर्ची पडला, पिंपात टाकायला उरलाच नाही, असं तिचा धाकटा भाऊ सांगतो. तो पिंपं दुरुस्त करतो आणि हे सांगताना दाराजवळ उभा असतो.

बिअर तिला आईकडून आली. जव भिजवायचे, मोड आणायचे, भट्टीवर भाजायचे, भरडून गरम पाण्यात मुरवायचे. ते पाणी गाळून उकळताना त्यात दलदलीच्या काठचा एक वासाचा पाला आणि माळावरची पांढऱ्या तुऱ्यांची फुलं घालायची. मग निवू द्यायचं आणि आधीच्या पिंपातला फेस विरजण म्हणून लावायचा. भट्टीचा धूर घराच्या दर्शनी भिंतीवरून रस्त्यावर जायचा आणि जाताना भिंतीला थोडी काजळी देऊन जायचा. त्या भिंतीवर, ती पांढरी होती तेव्हा, आईने पत्र्याची तीन अक्षरं ठोकली होती: बि, अ, र. त्याला अडतीस वर्षं झाली.

मग नोटीस आली. ज्या पेयात हॉप्स नाहीत ते बिअर नव्हे. सबब एक तर हॉप्स घालावेत, नाही तर फलकावरून 'बिअर' हा शब्द काढावा. अन्यथा परवाना रद्द.

हॉप्स म्हणजे एका वेलीची हिरवी, कडसर फुलं. ती घातली की बिअर जास्त टिकते, म्हणजे दूरवर विकता येते, म्हणजे व्यापाऱ्यांना आवडते. माणसं मात्र त्याआधी हजारो वर्षं, हाताशी येईल तो पाला घालून बिअर करत आणि पीत आली होती. एके काळी युरोपात काही ठिकाणी असा पाला विकण्याचा हक्क राज्यकर्त्यांनी आणि धर्मपीठांनी आपल्याकडे ठेवला होता आणि त्यावर कर घेतला होता. थोडक्यात, पाल्याशिवाय बिअर करणं हा तेव्हा गुन्हा ठरू शकत होता. आता पाल्याने करणं ठरलं. कायदा तेवढा अखंड राहिला.

भावाने मध्यम मार्ग सुचवला. चिमूटभर हॉप्स टाकून द्यायचे, चव कुणाला कळणार आहे?

"मला कळेल," आत्या म्हणाली. "आणि मग आईने जन्मभर काय केलं म्हणायचं? काढा?"

भाऊ पिंपाकडे वळला.

तपासणीला आलेला निरीक्षक सज्जन होता, म्हणजे बूट पुसून आत आला. त्याच्या अर्जाला चौदा रकाने होते. सातवा होता 'वापरलेल्या हॉप्सचे वजन'. आत्याने स्वच्छ अक्षरात लिहिलं: निरंक. निरीक्षक म्हणाला, इथे निरंक चालत नाही. मग तिने शून्य लिहिलं. शून्यही चालत नव्हतं. मोकळं सोडलं, तर अर्ज अपूर्ण.

"म्हणजे जे नाही ते लिहायला तुमच्याकडे जागाच नाही?"

"नाही बाई," निरीक्षक प्रामाणिकपणे म्हणाला.

हे वाक्य तिने लक्षात ठेवलं.

सुनावणी मोठ्या साहेबांपुढे झाली. त्यांच्या खोलीत चार खुर्च्या होत्या आणि त्यांतल्या तीन फायलींना दिलेल्या होत्या. ही दारू दहा दिवसांत आंबट होते, टिकत नाही, असा त्यांचा मुख्य मुद्दा. आत्या म्हणाली, टिकायला आधी उरावी लागते. साहेबांनी व्याख्या वाचून दाखवली. मग जरा मऊ होऊन म्हणाले, शब्दावर एवढं काय अडलंय? 'पारंपरिक पेय' लिहा, लोक पितीलच की.

"साहेब, बिअरच्या बारशाला हॉप्स नव्हते," ती म्हणाली. "फार उशिरा आले, पाहुणे म्हणून. राहिले, राहू देत, माझं काही म्हणणं नाही. पण आता तेच घरमालक झाले आणि मी नाव बदलू?"

साहेबांनी 'अर्जदाराचे म्हणणे ऐकून घेतले' असं लिहिलं आणि अर्ज फेटाळला. सात दिवसांची मुदत दिली.

भावाला वाटलं, ताई आता भट्टी विझवणार. सहाव्या दिवशी सकाळी तिने शिडी मागवली आणि त्याला ती धरायला लावली. स्वतः वर चढून तिने पकडीने खिळे उपटले आणि तिन्ही अक्षरं खाली दिली. मग रस्त्यापलीकडे जाऊन भिंतीकडे बघितलं. भावानेही बघितलं आणि शिडी सोडली.

अडतीस वर्षांच्या काजळीने भिंत काळी केली होती. अक्षरांखाली तेवढं काजळीला पोहोचता आलं नव्हतं. काळ्याभोर भिंतीवर पांढरंशुभ्र, आधीपेक्षा ठळक, लिहिलेलं होतं: बिअर.

निरीक्षक सातव्या दिवशी आला आणि बराच वेळ बूट न पुसता बाहेरच थांबला.

"बाई, हे काय?"

"कुठे काय? तिथे काहीच नाही. हात लावून बघा."

त्याने खरोखरच हात लावून बघितला. फलक नव्हता, अक्षर नव्हतं, रंग नव्हता. होता तो काजळीचा अभाव, आणि अभावाला रकाना नाही हे त्यानेच सांगितलेलं होतं. त्याने शेवटचा उपाय सुचवला: भिंतीला चुना लावून टाका.

"चुना लावायचा धंदा आमच्यात कुणी केला नाही, साहेब."

भाऊ दारातच होता; या वेळी तो पिंपाकडे वळला नाही. निरीक्षकाने अर्ज गुडघ्यावर ठेवला आणि 'फलकावरील आक्षेपार्ह मजकूर' या रकान्यात एक शब्द लिहिला: निरंक. तिथे तो चालत होता.

सबब आदेशाचे पालन झाल्याची खात्री करून, सदर ठिकाणी बिअर तयार अथवा विक्री होत नाही असे प्रमाणित करण्यात आले, परवाना कायम ठेवण्यात आला आणि प्रकरण बंद करण्यात आले.

त्या शनिवारी पिंप दुपारी दोनलाच संपलं.