तामसी, बबीचं घर

आधीच सांगते, भूतखेत, अंगात येणं, करणी... यातलं मी आजवर काहीच मानलं नाही. माझं काम आकड्यांचं. किती लोकांनी शोधलं, कितीजणांना आपलं पान दिसलं, किती आत आले. आकडा असेल तर गोष्ट आहे, नसेल तर नाही, इतकं सरळ. म्हणूनच हे लिहायला मला इतके दिवस लागले. कारण जे घडलं ते मला त्या आकड्यांतच दिसलं.

मी आदिलाबादला राहते. हैदराबादच्या एका एजन्सीसाठी घरून कंटेंट लिहायचे – गाद्या, वॉटर फिल्टर, काय वाटेल ते. मग वाटलं, आपल्या सीमेवरच्या मराठी माणसाला उपयोगी पडेल असं कुणीच लिहीत नाही. म्हणून ब्लॉग सुरू केला. पहानीची, म्हणजे इकडच्या सातबाऱ्याची, नक्कल कशी काढायची, तामसीची बस कधी लागते, कापूस विकायला नेताना कोणते कागद न्यायचे. मला एकच गोष्ट नीट जमायची. एका पानात एकच प्रश्न, उत्तर पहिल्या चार ओळींत, आणि शब्द पुस्तकातले नाहीत – माणूस विचारताना जे वापरतो तेच. त्यामुळे माझी पानं सर्चमध्ये वर यायची.

माझा मोठा भाऊ, दादा, निर्मलला लाकडी खेळण्यांच्या कारखान्यात रंगकाम करायचा. तो आणि वैनी तिथेच एका भाड्याच्या खोलीत राहायचे. मूलबाळ नाही. पन्नाशी ओलांडली आणि दादाला विसर पडायला लागला. आधी पोपटाचा रंग मोराला, मग वैनीचं नाव. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार. शेवटी शेवटी तो रोज एकच म्हणायचा, "घरी जातो." घर म्हणजे तामसीचं, जिथे आम्ही लहानाचे मोठे झालो. आई-वडील गेल्यापासून ते बंदच होतं.

एके दिवशी चहाच्या सुट्टीत तो कारखान्यातून बाहेर पडला तो परत आला नाही. साधा बटणांचा फोन होता, तोही रंगाच्या डब्यांशेजारी ठेवून गेला. ठाण्यात तक्रार दिली. निर्मल, नेरडीगोंडा, आदिलाबाद – वाटेतल्या सगळ्या स्टँडवर फोटो लावले. तामसीच्या शेजाऱ्यांना फोनवर विचारलं, तिकडेही आला नव्हता. वैनीने महिनाभर वाट पाहिली, मग निर्मलची खोली सोडून तामसीचं घर उघडलं. म्हणाली, ते घरी जातो म्हनत होते, तं मी घरीच रायतो.

चार महिने काही नाही.

मग एका सकाळी मी ब्लॉगचे आकडे बघत होते. लोकांनी कोणते शब्द टाइप केले आणि आपलं पान दिसलं, त्याची यादी येते. त्यात एक ओळ – "घरी जाची बस कुठून लागते". हसूच आलं. असं कोण शोधतं? दोन दिवसांनी "नेरडीगोंड्याहून तामसी पायी किती दूर". मग आठवडाभर काही नाही. आणि मग...

"तामसी बबीचं घर".

बबी मी. हे नाव शाळेत नव्हतं, सासरी कुणाला माहीत नाही. आई-वडिलांनंतर मला बबी म्हणणारा एकच माणूस उरला होता.

मी एजन्सीतल्या एका जुन्या सहकाऱ्याला स्क्रीन दाखवली. तेलुगू मुलगा, या कामात माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. कोण शोधतंय, कुठून शोधतंय हे कळेल का, एवढंच मला हवं होतं. त्याने सांगितलं की कळत नाही, फक्त देश कळतो. शिवाय हे आकडे दोन दिवस मागचे असतात. मग त्याने तारखा बदलून यादी पुन्हा काढली. म्हणाला, "मॅडम, ये तो दिखना ही नहीं चाहिए." एकट्यादुकट्या माणसाने टाइप केलेले शब्द हे टूल लपवतं. बरेच लोक तेच शोधायला लागले तरच ते यादीत येतात. बबीचं घर बरेच लोक कशाला शोधतील?

दादाने स्मार्टफोन आयुष्यात कधी हातात धरला नव्हता, हेही सांगून ठेवते.

वैनीला सांगावं की नाही, कळेना. सांगितलं. मला वाटलं रडेल. ती शांतपणे म्हणाली, "तुमी दुनियेले रस्ता सांगता, बाई. त्याइले पन लिहून द्या."

म्हणून मी ते पान लिहिलं. आयुष्यात इतक्या काळजीने काही लिहिलं नाही. सगळ्यात वर तेच शब्द, 'तामसी बबीचं घर'. खाली रस्ता. आदिलाबादला उतरा, तामसीची गाडी धरा, स्टँडवर उतरून सरळ चाला, टेलरचं दुकान आलं की डाव्या हाताला वळा, तिसरं दार. वैनी घरीच आहे. त्याला जड जाऊ नये म्हणून वाक्यं छोटी ठेवली. दुसऱ्याच दिवशी पान पहिल्या नंबरवर आलं. येणारच होतं... त्या प्रश्नाचं उत्तर जगात दुसऱ्या कुणी लिहिलंच नव्हतं.

एक क्लिक आला. एकच. वैनीने त्या दिवसापासून दाराची कडी लावणं सोडलं.

त्यानंतर यादीत नवी ओळ आली – "तामसी टेलरचं दुकान कुठी हाय".

मी वैनीला फोन लावला. विचारलं, दुकान तिथेच आहे ना. "ते तं कवाच पाडलं, बाई. रोड मोठा केला नाई का. तुमी इतक्यात आल्याच नाई."

खरं होतं. तामसी आदिलाबादपासून बसने तासाभराच्या आत, आणि मी दोन वर्षांत गेले नव्हते. वैनी राहायला आली तेव्हाही फोनवरच बोलले होते. रस्ता आठवणीतून लिहिला होता. दुसऱ्यांच्या पानांतल्या चुका काढणारी मी, स्वतः जाऊन बघितलं नाही.

त्याच क्षणी तिला विचारून पान दुरुस्त केलं आणि पहिल्या बसने तामसीला गेले. दोन दिवस आम्ही दोघी आळीपाळीने स्टँडवर उभ्या राहिलो. प्रत्येक गाडीतून उतरणारा प्रत्येक माणूस बघितला. हॉटेलवाल्याने बसायला बाकडं दिलं. दादा आला नाही.

आदिलाबादला परतल्यावर त्या दोन दिवसांचे आकडे आले. "टेलरचं दुकान" अकरा वेळा. आम्ही तिथे उभ्या होतो त्याच दिवसांत. दुरुस्त केलेल्या पानावर क्लिक शून्य.

पुढच्या आठवड्यात हायवेवरच्या एका ठाण्यातून फोन आला; जुन्या नोंदी ताडताना त्यांना आमची तक्रार दिसली होती. नेरडीगोंड्याच्या अलीकडे, निर्मलच्या बाजूला, पुलाखाली एक मृतदेह मिळाला होता. आत्ता नाही – दादा निघून गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी. ओळख पटली नाही म्हणून नियमाप्रमाणे पुरला होता. आम्ही तक्रारीत निळा शर्ट लिहिला होता, घरून तोच घालून निघाला होता. पण कारखान्यात तो कामाचा जुना शर्ट घालायचा, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. त्यांनी जपून ठेवलेले कपडे दाखवले. वैनीने कॉलर उलटून स्वतःच्या हातचे टाके बघितले. "हेच होय," म्हणाली. बस, इतकंच.

म्हणजे दादा तामसीपर्यंत पोचलाच नव्हता. आदिलाबादपर्यंतही नाही. आणि यादीतली पहिली ओळ त्यानंतर चार महिन्यांनी आली होती.

मी सगळे विचार करून पाहिले. कुणी चेष्टा केली म्हणावं, तर बबी हे नाव आमच्या घराबाहेर कुणाला ठाऊक? टूलची चूक म्हणावी, तर ती आमच्याच गावच्या बोलीत कशी?

तामसीला दिवस केले. भटजी म्हणाले, आत्म्याला वाट मिळाली. मलाही वाटलं, आता तरी यादीत तसल्या ओळी यायच्या थांबतील. तेराव्यानंतर दोन दिवस थांबून मी आकडे उघडले.

आमच्या बोलीतली एकच ओळ होती. "तामसीहून निर्मल वापस जाची बस".

हे कुणीही शोधलेलं असू शकतं. रोज कितीतरी लोक जात असतील. त्या गाड्यांचं पान माझ्या ब्लॉगवर आहे, वेळा अगदी बरोबर आहेत, मी दोनदा तपासल्या. त्यावर एक क्लिक होता.

टेलरचं दुकान न सापडून कुणी मागे फिरलं असेल, तर निर्मलच्या त्या खोलीत आता दुसरे लोक राहतात. वैनीला मी हे सांगितलेलं नाही. त्यानंतर काहीच आलं नाही, आणि हे सगळं काय होतं, मला आजही माहीत नाही.