तपासणीसाठी राखून ठेवलेले कोकम

ती घटना आजही आठवते, आणि दर वेळी आधी चीडच येते. हातखंब्याजवळच्या एका वाडीत बारशाच्या जेवणानंतर पंधरा माणसांना उलट्या सुरू झाल्या. बाळाची आत्या दोन दिवस बेशुद्ध होती. आम्ही पोलीस पोचण्याआधीच वाडीने तपास पूर्ण केला होता: दोष जेवण रांधणाऱ्या काकूंचा.

जबाबासाठी ठाण्यात आलेल्या काकू बाकावर टेकल्याही नाहीत. "वीस वर्षं रांधत्येय, साहेब," त्या म्हणाल्या. "आता माझ्या हातचं पाणीसुद्धा कोण घेत नाय. पुढची तीन लग्नं गेली."

जबाब नोंदवताना लक्षात आले की न जेवता फक्त कोकम सरबत प्यालेला फोटोग्राफरही आजारी होता, आणि भरपेट जेवून सरबत नाकारणारे आजोबा ठणठणीत होते. सरबत विकतचे होते, जवळच्याच एका कारखान्याचे. सरबताची बाटली मिळाली, पण घासूनपुसून तीत खोबरेल भरलेले. आमच्याकडे चांगली बाटली फेकणे हे पाप आहे. लेबल मात्र शाबूत होते. बाटली पंचनामा करून जप्त केली.

कारखान्यातला नमुना घेण्याचा अधिकार पोलिसांना नसतो, म्हणून अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांना पत्र दिले. ते नवव्या दिवशी आले, तेही मालक जागेवर असावेत म्हणून आधी फोन करून. मालकाने कचेरीतल्या काचेच्या कपाटातून बाटल्या काढल्या. नमुन्याचे चार भाग, लाखेची मोहोर, सह्या. नमुना इतक्या थाटात निघाला की मला सलाम ठोकावासा वाटला. अहवाल आला: सुरक्षित. प्रकरण त्यांच्या लेखी संपले.

मग कारखान्यातल्या एका कामगार बाईंचा फोन आला. नाव सांगणार नाही म्हणाल्या. मीही विचारले नाही. कपाटातले कोकम मालकीणबाई घरी करतात, विक्रीचे पिपांत साठवतात, आणि ती पिपे लोटे औद्योगिक वसाहतीकडच्या भंगारातली, रसायनांची. कितीही घासली तरी वास जात नाही, असे त्यांनी सांगितले. कोकम किती आंबट असते आणि आंबट पदार्थ भांड्यातले काय काय ओढून घेतो, हे इथे लहान पोरालाही कळते. मी पुन्हा पत्र लिहिले. उत्तर आले की अहवाल प्राप्त झाला असल्याने फेरनमुन्याचे प्रयोजन दिसत नाही.

चिडून मी अहवाल आणि बाटली टेबलावर शेजारी ठेवली. लेबल म्हणत होते, टिकवण्यासाठी रसायन घातले आहे. अहवाल म्हणत होता, असे रसायन आढळले नाही. जुने अहवाल मागवले. तीन वर्षे हेच. लेबल आणि अहवाल एकाच फायलीत राहत होते. दोन्ही एकत्र वाचण्याचे कष्ट कोणीच घेतले नव्हते.

मालकाला बोलावून एवढेच विचारले की रसायन घालता की नाही. घालत असाल तर नमुना तुमच्या मालाचा नव्हता. नसाल तर लेबल खोटे आहे. तो खरेच दुखावल्यासारखा म्हणाला, "साहेब, तपासणीला आलेला माणूस म्हणजे पाहुणाच की. पाहुण्याला कोणी पिपातलं देतं काय?"

त्या जबाबावर फेरनमुना मिळाला, या खेपेस पिपातला. त्यात नको ते सारे सापडले. गुन्हा दाखल झाला. खटला अजून चालू आहे. नमुना घेण्याआधी कारखान्यांना कळवू नये, असे परिपत्रकही निघाले. त्याची प्रत सर्व कारखान्यांना माहितीसाठी रवाना झाली.

निर्दोष असल्याचा दाखला पोलीस देत नाहीत. म्हणून मी गणवेशात, भर सकाळी, वाडी बघत असताना काकूंच्या ओटीवर जाऊन बसलो. त्यांनी सरबत आणले. सवयीने मी विचारले, हे कुठल्या बरणीतले?

"आम्ही पितो त्यातलंच," काकू म्हणाल्या. "दुसरी बरणी कुठाय माझ्याकडे?"

अन्नाच्या तपासणीबद्दल मी पुढे बरीच मार्गदर्शक पुस्तके वाचली. एकातही हे इतके स्पष्ट लिहिलेले नव्हते.